चुन्याच्या भिंतीवरची काहील

५ डिसेंबर १९६०, सोमवार
लाँचवरच लिहायला घेतले होते, पण लाटांनी अक्षर लावू दिले नाही. आता खोलीवर.

सिमेंट घेऊन आलेले पोलिश जहाज कुवैत बंदराबाहेर नांगर टाकून उभे आहे. धक्क्यावर जागा नाही, त्यामुळे अजून काही दिवस तरी तसेच. एजंटचा कारकून म्हणून मी कागद घेऊन गेलो. कॅप्टन झोपलेला. रेडिओ ऑफिसर यानेक म्हणाला, थांबणारच आहात तर आमचा सिनेमा बघा. तरुण पोरगा, तांबूस दाढी. इंग्रजी पुस्तकातून शिकला असावा, प्रत्येक वाक्य पूर्ण करतो. खलाशांच्या जेवणघरात छोटा प्रोजेक्टर होता. सिनेमा पोलिश, खाली इंग्रजी अक्षरे नाहीत. यानेक कानाशी बसून सांगत गेला.

शंभर वर्षांपूर्वीचे पोलंड, राज्य परक्या झारचे. चौकात जमलेल्या लोकांवर गोळीबार होतो, एक छापखानेवाला मरतो. त्याची बायको पाव भाजून विकणारी. ती शोकाचे काळे कपडे घालते. मग शेजारीण घालते. मग गल्ली, मग गाव. हाकिम फर्मान काढतो, काळा रंग बंद. शिपाई भर रस्त्यात काठीला लावलेल्या आकड्यांनी बायकांचे काळे झगे फाडतात. बायका काय करतात? पावाच्या भट्टीमागे एक मोठी काहील चढवतात आणि घरातले सगळे कपडे, पडदेसुद्धा, तीत काळे रंगवतात!

काहील दिसली आणि मी बाकावरून उठून उभा राहिलो. कोकणात आमच्या बंदरावर जाळ्यांना ऐनाच्या सालीचा रंग देतात ती हीच. तीच वाफ, तेच दांडके, त्याच कोपरापर्यंत रंगलेल्या बाया. बाहेर बर्फ पडतोय एवढाच फरक.

परत निघालो. लाँच चालवणारा सारंग लतीफ, माझा खोलीतला सोबती, अर्ध्या वाटेत म्हणाला, "गनीभाय, कॅप्टनची सही?" लाँच पुन्हा वळवावी लागली. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. लतीफ बंदर येईपर्यंत हसत होता.

६ डिसेंबर
दिवसभर तेच. बिल ऑफ लेडिंग टाइप करताना 'सिमेंट'च्या जागी 'काहील' म्हणून गेलो, मोठ्याने. हेडक्लार्क पिल्लैने चष्म्यावरून पाहिले.

एवढा दुःखाचा सिनेमा, आणि मला आनंद का होतोय? माणसे मरतात आणि मी शीळ घालत जिना चढतो. हे बरोबर नाही. पण शीळ थांबत नाही.

कल्पना: तो सिनेमा आमच्या होशमध्ये, म्हणजे खोल्यांमधल्या या सामाईक अंगणात, लावायचा! अंगणाची मागची भिंत रमजानच्या आधी चुन्याने रंगवतोच, ती आताच रंगवू. प्रोजेक्टर जहाजाचा. यानेक रिळामागून रीळ मला इंग्रजीत सांगणार, मी लाँचवरचा पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून हिंदीत. कोकणातली पोरे आहेतच, मलबारी, पंजाबी, बलुची येतील. शेजारची उम्म सालेम, तिला आम्ही खाला म्हणतो, तिच्या गच्चीवरून आमची भिंत अख्खी दिसते. तिचा नवरा गलबताचा नाखुदा होता, खजूर घेऊन मुंबईपर्यंत जायचा. खालाला हिंदी बरी कळते.

८ डिसेंबर
यानेक हो म्हणाला! कॅप्टनला ताजी मासळी हवी, ती लतीफ पोचवील. शुक्रवार १६ ठरला. जहाज तोवर हलत नाही.

यानेकने हळूच एक गोष्ट सांगितली. सिनेमा झारच्या काळातला आहे म्हणून त्यांच्या सरकारने चालू दिला. "पण थेटरात लोक श्वास रोखून बघत होते, मिस्टर परकार. हा हाकिम कोणता, ते आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही." त्यांच्या जहाजावरही एक माणूस आहे, कोण काय बोलतो याच्यावर लक्ष ठेवणारा. मी म्हटले, तुमचाही एक पिल्लै आहे तर! त्याला पिल्लै कोण ते सांगावे लागले. पिल्लैबद्दल असे बोलायला नको होते. तो फक्त कडक आहे.

९ डिसेंबर, शुक्रवार
जुम्म्यानंतर खोलीत मासळीभात. सगळ्यांना गोष्ट सांगून पाहिली, तालीम म्हणून. पहिल्याच वळणावर गाडी रुतली.

"बायका काळे कपडे घालतात," मी म्हटले, आणि थांबलो, परिणाम व्हावा म्हणून.

लतीफ भात कालवत म्हणाला, "मंग? हय तर सगल्याच बाया कालं घालतात. खाला रोज घालते. तेवढ्यावरून हाकिमाचं डोकं फिरलं?"

"अरे, शोकाचं काळं."

"शोकाला पांढरं नसतं काय?" हे दुसऱ्याने. "आमच्या गावातल्या भटांकडं पांढरंच बघितलंय."

"थंडी असंल," तिसरा. "कालं ऊन धरतं."

सगळे हसले. मीही हसलो. मला जहाजावर ते एका क्षणात कळले, कारण यानेक कानाशी होता आणि मी बी.ए.ला युरोपचा इतिहास वाचला होता. हे लोक भिंतीवर काळ्या कपड्यातल्या बाया पाहतील तेव्हा त्यांना इथली, शर्क मोहल्ल्यातली, कोणतीही गल्ली दिसणार. बंड दिसणारच नाही.

लतीफने उपाय सुचवला. "सांगा की, हाकिमानं बांगड्या भरायची सक्ती केली, बायांनी फोडल्या. लगेच कलंल."

कळेल, हे खरे. पण त्या बाईने बांगड्या फोडलेल्या नाहीत.

११ डिसेंबर
म.सा.ची, म्हणजे आमच्या इंग्रज मॅनेजरसाहेबाची, परवानगी. होश कंपनीच्या भाड्याचा आहे, त्यामुळे विचारणे भाग होते. त्याने फक्त विचारले, "कसली फिल्म आहे?" प्रेमकथा म्हटले असते तर सुटलो असतो. खोटेही नव्हते, बाई नवऱ्यासाठीच सगळे करते. पण मी त्याला सगळी गोष्ट सांगितली! गोळीबार, फर्मान, काहील, आणि पाचव्या रिळातले विहिरीवरचे तिचे भाषणसुद्धा. कुणी विचारले नव्हते. इतका रंगून सांगत होतो की त्याच्या तोंडाकडे पाहायचे राहून गेले.

गेल्या महिन्यात बार्जवरच्या मजुरांनी दिवसभर काम बंद ठेवले होते. तेव्हापासून म.सा. चार माणसे एकत्र दिसली तरी बिचकतो. आणि हे तर कम्युनिस्ट जहाज. पेन्सिल टेबलावर आपटत म्हणाला, "लावा. पण ते भाषण सांगायचे नाही. चित्र दिसू दे, शब्द नकोत. पिल्लै हजर राहील." मग सहज म्हणावे तसे, "तुझा इकामा या महिनाअखेर संपतो ना? कागद माझ्याकडेच आहेत."

इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नाही तर कुवैत नाही. गावी माझी मुलगी नजमा मॅट्रिकला बसली आहे, तिच्या आईने पुढच्या कॉलेजची स्वप्ने रंगवायला घेतली आहेत.

मी "येस सर" म्हणालो. कशाला येस, हे त्याने विचारले नाही. मीही सांगितले नाही.

१३ डिसेंबर
भिंत रंगवून झाली. दोन हात चुना. दुपारी उन्हात तिच्याकडे बघवत नाही. पोरे येता-जाता हात लावतात, मी ओरडतो.

तिचे भाषण यानेककडून पुन्हा ऐकले. लहानच आहे. विहिरीवर बाया घाबरून म्हणतात, जाऊ दे ना, कपड्याचाच तर प्रश्न आहे, घालू लाल-निळे. ती घागर खाली ठेवते. "आज आपण काय घालायचं ते हाकिम ठरवतोय. उद्या रडायचं कुणासाठी तेही तोच ठरवील. मग तुमचा मेलेला माणूस मेलाच नव्हता असं म्हणेल, आणि तुम्ही मान हलवाल."

हे गाळले तर उरते काय? झगे रंगवणाऱ्या काही बाया.

पण आणखी एक विचार पोखरतोय. काळ्याच्या जागी बांगड्या सांगायला मी जवळजवळ तयार झालो होतो. लोकांना कळावे म्हणून बदलणे चालते, आणि साहेबाला खुपू नये म्हणून गाळणे चालत नाही, हे कसे? पहिले करणारा माणूस दुसरे करायला किती वेळ लावेल?

ठरवले: बांगड्या नाहीत. काळे ते काळेच. नाही कळले तर माझे सांगणे कच्चे.

भाषणाचे अजून ठरले नाही.

१५ डिसेंबर
खालाने निरोप पाठवला, तिच्या बहिणी आणि सुना गच्चीवर येणार, तेव्हा तुमच्या पोरांनी वर बघायचे नाही. लतीफ म्हणाला, "समोर सिनेमा असताना वर कोन बघतो?" एक पोरगा म्हणाला, "सिनेमा कसा हाय त्यावर."

उद्या! घसा बसू नये म्हणून आले चघळतोय.

१७ डिसेंबर, शनिवार
सगळे नीट उतरवून काढतो, एकही गोष्ट सुटायला नको.

मगरिबच्या नमाजानंतर होश भरला. बसायला जागा नाही, पोरे भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर. पिल्लै पहिल्या रांगेत घरची खुर्ची घेऊन, मांडीवर छत्री. पाऊस कसला, पण छत्री. यानेक माझ्या शेजारी. प्रोजेक्टर घरघरला आणि चुन्यावर बर्फ पडू लागला. असा 'हाऽऽ' उठला! निम्म्यांनी बर्फ पाहिलेलाच नव्हता.

पहिले रीळ मजेत. भोंग्यातून माझा आवाज मलाच परका वाटत होता. गोळीबारावर शांतता. बाई काळे घालते तेव्हा मी सांगितले, "वहाँ ये मातम का रंग है।" कुणावर काही परिणाम नाही. गल्ली काळी झाली, गाव काळे झाले. मागून कुणीतरी, "ये तो अपना शर्क है भाई!" हशा.  कच्चे सांगणे, म्हटले. तू आणि तुझा बी.ए.

मग शिपाई आले.

काठीला लावलेला आकडा बाईच्या काळ्या झग्यात अडकतो, शिपाई ओढतो, भर रस्त्यात, माणसांसमोर. मी भोंगा उचलला होता. शब्द तोंडात होते. सांगायची गरजच पडली नाही. अख्ख्या होशने एकदम श्वास घेतला, गच्चीवरून एकदम "हराम! हराम!" उठले. परक्या पुरुषाने बाईच्या अंगावरचे काळे ओढावे, हे इथे कुणाला समजावायचे? मी आठवडाभर ज्यावर डोके फोडत होतो ते इथल्या प्रत्येकाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते.

पुढच्याच चित्रात हाकिमाचे तोंड, भिंतभर, हसरे. वरून काहीतरी सणसणत आले आणि त्याच्या नाकावर फट्कन बसले. चप्पल! खालाची! नाकावरचा चुना निघाला, आणि त्यापुढे सबंध सिनेमाभर हाकिमाच्या किंवा ज्याच्या त्याच्या तोंडावर तो एक मातकट डाग. लोक उभे राहून टाळ्या पिटत होते. यानेकच्या डोळ्यांत पाणी आले हसून. "वॉर्सात हे कुणाला सुचले नाही," म्हणाला. काहील उकळायला लागली तेव्हा होश जाळी ओढणाऱ्यांसारखा एका सुरात "हेऽऽ" करत होता.

पाचवे रीळ. विहीर. तिने घागर खाली ठेवली.

पिल्लै मान वळवून माझ्याकडे बघत होता.

मी सांगितले. सगळे. एक शब्द गाळला नाही. पण हिंदीत नाही, कोकणीत. आमच्या घरच्या बोलीत. "आज आपुन काय न्हेसायचं ता हाकिम ठरवतो. उद्या रडायचं कुनासाठी ताय तोच ठरवील..." लतीफ आणि आमची पोरे दगडासारखी बसलेली. पंजाबी, मलबारी एकमेकांना विचारत होते, काय म्हणाली, काय म्हणाली. आमची पोरे त्यांच्या कानात सांगू लागली. कुजबुज मागच्या भिंतीपर्यंत गेली आणि परत आली.

शेवटचे रीळ चढवणार तोच वारा फिरला. शमाल, उत्तरेचा वादळी वारा. लतीफने आकाशाकडे पाहिले आणि गडी बदलला, एकदम सारंग. "आता निघालो नाय तर लाँच लागनार नाय जहाजाला. हो गोरा हयच राहील." पेट्या बंद, प्रोजेक्टर खांद्यावर, पळापळ. लोक ओरडत होते, पुढे काय झाले? मेली का ती? मीही धक्क्यापर्यंत धावत गेलो, उगाचच.

आता सकाळी एक प्रश्न. मी कोकणीत का बोललो? ते वाक्य दुसऱ्या भाषेत माझ्या तोंडातून निघालेच नसते म्हणून? की पिल्लैला कळू नये म्हणून? काल रात्री पहिले उत्तर खरे वाटत होते. आत्ता दोन्ही वाटतात.

१८ डिसेंबर
म.सा.ने बोलावले. पिल्लै आधीच उभा होता.

"पिल्लै म्हणतो, आक्षेपार्ह काही ऐकले नाही. छान. म्हणजे भाषण गाळलेस."

तो विचारत नव्हता, विषय मिटवत होता. मान हलवली असती की संपले. मान हलवायची! तिचे शेवटचे वाक्य आठवले आणि मी म्हणालो, "नाही सर. पूर्ण सांगितले. माझ्या भाषेत सांगितले, मिस्टर पिल्लैंना कळले नसेल."

म.सा.ने पेन्सिल ठेवली. पिल्लैकडे पाहिले.  बसऱ्याहून गुरुवारी परत आलो की बघतो, म्हणाला, दोघांचेही. तोवर होशमध्ये जमाव नको.

दोघांचेही! पिल्लैचा काय संबंध, मला कळेना. जिन्यात त्याने माझी बाही धरली. मी त्याला इतकी वर्षे इंग्रजीत आणि तुटक हिंदीत बोलताना ऐकले आहे. तो मराठीत बोलला. अस्सल.

"परकार, मी लहानाचा मोठा परळला झालो. माझी आई गिरणीत होती. तुझं अक्षर न् अक्षर कळलं मला."

त्याने बाही सोडली नाही.

"साहेबाला मी थाप मारली, तुझ्यासाठी. आणि तू तिथंच माझ्या तोंडावर खरं बोललास! तुझा खरेपणा तुझ्यापुरता ठेवायचास ना, बाबा. मला कशाला बुडवलंस?"

"पण तुम्ही मराठीत कधी..."

"हेडक्लार्कनं सगळ्या भाषा दाखवायच्या नसतात," म्हणाला, आणि छत्री घेऊन खाली गेला.

मला वाटले होते, खरे बोलणे ही एकट्याची गोष्ट आहे. पिल्लैलाही दोन पोरी आहेत. मी हे खरे बोललो ते त्या बाईसाठी, की शनिवारच्या प्रश्नातून सुटण्यासाठी? कोकणीचा डाग धुवायला पिल्लैचे पाणी वापरले. आणि तरीही पुन्हा वेळ आली तर मान हलवेन असे वाटत नाही. हे लिहिताना लाज वाटते आणि छातीत धडधडते, दोन्ही एकदम.

१९ डिसेंबर
जहाजावर जाऊन आलो. शेवटचे रीळ मिळणार नाही. खालाच्या चपलेची आणि टाळ्यांची हकीकत त्यांच्या त्या लक्ष ठेवणाऱ्या माणसाच्या कानावर गेली. त्याने पेटीला कुलूप लावले. म.सा. म्हणतो कम्युनिस्ट सिनेमा नको. त्यांचा माणूस म्हणतो हा सिनेमा नको. दोघांची एकदा गाठ घालून दिली पाहिजे, चहावर.

यानेकला विचारले, शेवटी ती मरते की वाचते? जहाजावर पाहिले तेव्हापासून मलाही उलगडले नव्हते. शिपाई काहील उलथतात. काळा रंग बर्फावरून वाहत उतारावरच्या हाकिमाच्या पायऱ्यांपर्यंत जातो. ती दोन्ही हात त्या ओघळात बुडवते, तळवे वर करून शिपायांसमोर उभी राहते. बंदुका वर. संपले.

"आम्हालाही माहीत नाही," यानेक म्हणाला. "जेवणघरात अजून भांडतो त्याच्यावरून. मी म्हणतो, गोळी झाडली नाही. आमचा स्वयंपाकी म्हणतो, झाडली."

उद्या त्यांना धक्का मिळतोय. सिमेंट उतरले की ते गेले.

२० डिसेंबर, मंगळवार
काम सुटताना धक्क्यावर माणसे वाट अडवत होती. बार्जवाले, हमाल, गेटवरचा बलुची. सगळ्यांचा एकच प्रश्न, पुढे काय झाले? खालाने तर सुनेबरोबर ताटभर मच्छीभात पाठवला, वर दम: गोष्ट अर्धी ठेवणाऱ्याला झोप लागत नाही.

लतीफ म्हणाला, "रीळ नाय तर नाय. तुमी तर बघितलंय ना? सांगा."

रिकाम्या भिंतीसमोर उभे राहून? जमाव नको असे म.सा.ने सांगितले आहे. इकाम्याचे दोन कागद त्याच्या टेबलावर पडले आहेत, त्यातला एक माझा नाही. माझ्या एकट्याचा प्रश्न असता तर विचार केला नसता. म्हणून पिल्लैच्या घरी गेलो. सांगितले, तुम्ही नाही म्हणालात तर नाही. मनापासून म्हणत होतो. त्याने ऐकून घेतले आणि दार लावून घेतले. बरोबरच आहे, म्हटले. परत येऊन पोरांना सांगितले, आज काही नाही, घरी जा.

कुणी गेले नाही. मगरिब झाली. होश भरला. मी खोलीत बसून हे लिहितोय.

लतीफची हाक. "गनीभाय, भाईर तर या!"

खिडकीतून पाहिले. भिंतीवर कुणीतरी कंदील टांगलाय, हाकिमाच्या नाकाचा डाग बरोबर उजेडात आलाय. गच्चीवर खाला, दोन्ही पायांत चपला. पहिल्या रांगेत घरची खुर्ची टाकून, मांडीवर छत्री घेऊन पिल्लै बसलाय. मी दिसताच त्याने ओरडून सांगितले, सगळ्यांना ऐकू जाईल असे, मराठीत:

"परकार, लवकर आटपा. आणि शेवट गोड करू नका हं, मला कळेल."

भोंगा कुठे ठेवलाय? सापडला. जातो.